कुत्रीच्या सामानाचं निळं पिंप

माझ्या घरात चिठ्ठी नसलेला एकही डबा नाही. आलेल्या बायका हसतात. हसोत. त्यांच्या घरी पावसाळ्यात डाळीला जाळी लागते, पापडांवर बुरशी चढते, मग वाटी घेऊन माझ्याच दारात उभ्या राहतात. मी देते, पण दोन शब्द सुनावल्याशिवाय देत नाही.

मी आंब्याच्या कारखान्यात पॅकिंगच्या खोलीवर देखरेख करते. रस डब्यात भरला आणि झाकण बसलं की पुढची जबाबदारी माझी. फुगलेला डबा मला लांबून कळतो. तो ज्या बाईच्या हातून गेला असेल तिला मी सगळ्यांसमोर असं काही बोलते की ती चार दिवस माझ्या वाऱ्याला उभी राहत नाही. नवरा मुंबईला नोकरीत, महिन्यातून एकदा येतो. त्यामुळे घरातही कायदा माझाच.

या घरात पाच वर्षांपूर्वी बाबा आले. आई गेली, आणि भावाने दोन खोल्यांचं कारण पुढे करून हात वर केले. मी पूर्णगडला जाऊन बाबांना रत्नागिरीत घेऊन आले. ते तांडेल होते. होडी कुठे न्यायची, जाळं कधी टाकायचं, केव्हा मागे फिरायचं, सगळं तांडेलाच्या शब्दावर चालतं. जन्मभर पाच-सहा खलाशी त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी होडी विकली, आणि मग त्यांच्या तोंडाकडे बघायला एक कुत्री तेवढी उरली.

ती बरोबर आली. तांबडी, गावठी, एक कान फाटलेली, बंदरावर मासळीच्या पाट्यांखाली वाढलेली. मी गाडीत बसताना म्हटलं, "बाबा, हिला कशाला?"  त्यांनी दार उघडून आधी तिला आत घेतलं आणि मग स्वतः बसले.

तिचं सामान काय, तर एक नारळाची करवंटी, एक जाळ्याच्या दोरीचा तुकडा, एक गोणपाट आणि तुपाचा जुना पत्र्याचा डबा. डब्यात सुके बांगडे. डब्याला झाकण नव्हतं, धडुतं बांधलेलं होतं. रत्नागिरीत पोचेपर्यंत गाडीला असा वास सुटला की ड्रायव्हरने भाट्याच्या पुलावर काचा खाली केल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी त्याच वासात वाढले, त्याच वासाचे कपडे घालून शाळेत गेले आणि मुलींनी नाक धरलेलं पाहिलं. तो वास धुऊन काढायला मला वीस वर्षं लागली होती.

आठवड्याभरात मी मागच्या पडवीतलं एक फडताळ रिकामं केलं. वरच्या फळीवर गोचिडांचं औषध, जंताच्या गोळ्या, कापूस. मधल्या फळीवर पट्टा, साखळी, ब्रश, अंग पुसायचे दोन टॉवेल. खाली पिशवीतला कोरडा खाऊ, तो मापून घालायला एक वाटी, स्टीलच्या दोन थाळ्या. प्रत्येकावर चिठ्ठी. करवंटी मी चुलीत घातली. बाबांनी ते फडताळ पाहिलं, हात मागे बांधून, देवळात उभे राहतात तसे. म्हणाले, "बरा केलंस." मला बरं वाटलं. मग म्हणाले, "पण तिला वाचूक येत नाय गो."

तो विनोद होता. मी हसले नाही.

खरं सांगायचं तर मला ती कुत्री पहिल्या दिवसापासून डोळ्यात खुपत होती, आणि ती घाणीमुळे नव्हे. मी लहान असताना बाबा समुद्रावरून आले की वाटेवरूनच हाक मारायचे, "बाय गो!" ती मला. घरात इतर कुणाला ते बाय म्हणत नसत. मी धावत जायची आणि त्यांच्या ओल्या लुंगीला मिठी मारायची. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, आणि ती हाक कधीतरी थांबली. कधी ते मला सांगता येणार नाही. ते माझं नाव घेऊ लागले, पूर्ण नाव, बँकेतला माणूस घेतो तसं.

ते घरी आल्याला महिना झाला असेल. मी भाकऱ्या थापत होते. पडवीतून आवाज आला, "बाय गो!" मी तशीच उठले, पिठाचे हात घेऊन बाहेर आले आणि म्हटलं, "काय बाबा?" ते दचकले. कुत्री त्यांच्या पायाशी शेपटी हलवत उभी होती. "तुला नाय गो," ते म्हणाले, "हिला बोलवतंय."

मी आत गेले आणि उरलेल्या भाकऱ्या थापल्या. पन्नाशीला आलेल्या बाईला कुत्रीचा हेवा वाटावा ही सांगायची गोष्ट नाही. वाटला. चांगलाच वाटला.

त्यानंतर मी तिच्याशी कधी दुष्टपणाने वागले, असं कुणी म्हणू शकणार नाही. मी तिला लाथ मारली नाही, उपाशी ठेवलं नाही, तेव्हा तरी नाही. मी तिला शिस्त लावली. खाणं दोन वेळा, वाटीने मापून. पडवीच्या आत पाऊल टाकायचं नाही. बांगडे बंद, म्हणजे मी जाहीर केले बंद. बाबांनी तो पत्र्याचा डबा आपल्या कॉटखाली ढकलला आणि मी न पाहिल्यासारखं केलं, कारण त्यावरून बोलायची वेळ कधीतरी येईलच हे मला माहीत होतं. अशी हत्यारं मी जपून ठेवते.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली ही गोष्ट. आमच्याकडे पावसाआधी आगोट भरतात. चार महिने पुरेल असं धान्य, मसाला, पापड, सुकी मासळी, सगळं उन्हात खडखडीत वाळवायचं आणि डब्यांत बंद करून माळ्यावर टाकायचं. कपड्यांचं, अंथरुणांचंही तसंच. आई गोधड्या ट्रंकेत भरायची आणि प्रत्येक घडीत डांबराच्या गोळ्यांची पुरचुंडी ठेवायची. आषाढात ट्रंक उघडली की त्या वासाने डोळ्यांत पाणी यायचं, पण गोधडीला बुरशीचा एक ठिपका नसायचा.

त्या वर्षी माझ्या डोक्यात आलं की कुत्रीचीही आगोट भरावी. आदल्या पावसात फडताळातला खाऊ सादळला होता, त्यात मुंग्या झाल्या होत्या, पट्ट्याला हिरवा थर आला होता. शिवाय ते फडताळ मला माझ्या बरण्यांना हवं होतं. कारखान्यातून मी एक निळं प्लास्टिकचं पिंप आणलं, कमरेएवढं, कडीच्या झाकणाचं. एका रविवारी तिच्या दोन गोधड्या, टॉवेल, गोणपाट कडक उन्हात वाळवले आणि खाली घातले. मध्ये औषधं, साखळी. पिंप निम्मं रिकामं राहिलं, म्हणून वरती खाऊची नवी पिशवी मोकळी केली. तिचं सगळं जग एका झाकणाखाली आणि माझ्या नजरेआड. झाकण लावण्याआधी आईची आठवण झाली. जुन्या साडीच्या तुकड्यात डांबरगोळ्या बांधल्या आणि दोन पुरचुंड्या आत सोडल्या. एक गोधड्यांत गेली. दुसरी हात पोचेना म्हणून वरच राहिली.

खाण्याच्या वस्तूशेजारी वास मारणारी वस्तू ठेवायची नाही, हे मी कारखान्यात नव्या बाईला पहिल्या दिवशी शिकवते. तिला ते पाठ म्हणून दाखवायला लावते. पण तो माणसांच्या खाण्याचा नियम. कुत्रीच्या खाऊला मी खाणं समजतच नव्हते. तो तिच्या सामानातला एक जिन्नस होता, साखळीसारखा.

बाबा बघत होते. म्हणाले, "एकाच ब्यारलात?"

"बाबा, तुम्ही आयुष्यभर धडुतं बांधून डबे ठेवलेत. मला शिकवू नका."

 तांडेल गप्प बसायला माझ्याच घरात शिकला.

जुलैत पाऊस लागून राहिला होता. जुनी पिशवी संपली तसं मी पिंप उघडलं. कारखान्याची पाळी सकाळची, पडवीत उजेड नाही, मी वाटी खुपसायची, थाळीत ओतायची, झाकण लावायचं आणि छत्री घेऊन निघायचं. पहिल्या दिवशी कुत्रीने थाळी हुंगली आणि मागे सरली. बाबा म्हणाले, "तिनं तोंड नाय लावलंन. वास येतोय त्येला."

"औषधांचा असेल. सोबत ठेवलंय ना. खाईल."

"डांबराचा येतोय गो."

"मग काय बुरशीचा हवा होता? लाड आहेत. बांगडे चारून तुम्हीच तिची जीभ बिघडवलीत."

आणि मग मी ते हत्यार बाहेर काढलं. कॉटखालचा पत्र्याचा डबा ओढला, माझ्या कपाटात टाकला आणि कुलूप लावलं. म्हटलं, थाळीतलं संपेपर्यंत हिला दुसरं काही मिळणार नाही. बघते किती दिवस फणकारा चालतो.

दोन दिवस चालला. ती थाळीपाशी जायची, नाक लावायची आणि माझ्याकडे बघायची. बाबांकडे नाही, माझ्याकडे. बाबा स्वतःच्या ताटातला भात तिला घालतील म्हणून मी दोन्ही संध्याकाळी ते जेवून होईपर्यंत समोर बसून राहिले. एवढा मोठा माणूस, कुत्रीकडे पाठ करून जेवला. घास गिळताना त्यांचा गळा हलताना मी बघत होते. तिसऱ्या दिवशी भुकेने ती हरली आणि थाळी चाटूनपुसून साफ केली. मी बाबांना म्हटलं, "बघितलंत?" मला जिंकल्याचा आनंद झाला, तो मी लपवला नाही.

चौथ्या दिवशी तिने पुन्हा खाल्लं. पाचव्या दिवशी ओकली. सहाव्या दिवशी पडवीच्या कोपऱ्यात आडवी पडून राहिली आणि बाबांनी हाक मारली तर नुसता फाटका कान हलवला. तिने जिथे मुतलं होतं तिथली लादी चहा सांडल्यासारखी तांबूस झाली होती. मी रिक्षा बोलावली. बाबांनी तिला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतलं.

डॉक्टर तरुण होते, शांत. त्यांनी तिचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक, त्यावर पिवळट झाक. त्यांनी विचारलं, काय खाल्लं.

मी तोंड उघडण्याआधी बाबा म्हणाले, "मी बांगडा दिला. परवा. काट्यासकट."

मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते मान खाली घालून सांगत होते. शेजारणीकडून एक बांगडा मागून आणला होता, मी कामावर गेल्यावर, कारण ती कण्हत होती.

डॉक्टर म्हणाले, "माशाने असं होत नाही, आजोबा. हे विषासारखं दिसतंय. घरात उंदराचं औषध आहे? डांबरगोळी वगैरे काही? नीट आठवा. कळलं तर उपचार तसे करता येतील."

तेव्हा मला माझ्या हाताचा वास आला. रिक्षा येण्याआधी मी सवयीने तिची थाळी भरून आले होते. उजव्या हाताच्या बोटांना तो वास होता, आईच्या ट्रंकेचा, स्वच्छ आणि उग्र. एका क्षणात मला सगळं कळलं. नंतर कळलं, लक्षात आलं नव्हतं, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलं आहे. ते खोटं आहे. मला तिथेच, त्या टेबलापाशी, पूर्ण कळलं होतं.

मी हात पदराखाली घेतला आणि म्हटलं, "नाही. आमच्या घरात तसलं काही नसतं." बाबांनी एकदा वर बघितलं आणि माझा शब्द खरा मानल्यासारखी मान पुन्हा खाली घातली.

का म्हटलं? बाबा ऐकत होते म्हणून. त्यांनी सांगितलं होतं वास येतो म्हणून, आणि मी त्यांचं तोंड बंद केलं होतं म्हणून. माझ्या हातचा डबा फुगला, हे मला त्यांच्यासमोर कबूल करायचं नव्हतं. बस, एवढंच. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, दोन इंजेक्शनं दिली, एक चिठ्ठी दिली. तिच्यावर त्यांचा फोन नंबर होता. "घरी जाऊन बघा," ते म्हणाले, "काही सापडलं तर लगेच कळवा."

घरी येऊन मी पिंप उघडलं. दिवा घेऊन, पहिल्यांदाच. वरच्या पुरचुंडीची गाठ सुटली होती. साडीचा तुकडा रिकामा होता. गोळ्या झिजून, फुटून खाऊत मिसळल्या होत्या. पांढरे कण सगळीकडे, पिठीसाखर भुरभुरल्यासारखे. चिठ्ठी माझ्या कमरेला खोचलेली होती आणि फोन ओट्यावर होता. मी तो सगळा खाऊ एका पिशवीत भरला, बाबांचा डोळा चुकवून नगरपालिकेच्या गाडीत टाकला. मग पिंप साबणाने तीनदा धुतलं. ते मी फार छान धुतलं. कारखान्यात माझ्या हाताखालच्या कुणालाही तसं जमणार नाही.

ती पुढे दोन दिवस होती. या दोन दिवसांत फोन करायला मला अडवणारं कुणी नव्हतं. बाबा पडवीत तिच्याजवळ बसून असायचे, तिच्या तोंडात चमच्याने पाणी सोडायचे आणि म्हणायचे, "बाय गो, माझा चुकला. माझा चुकला गो बाय." मी आतून ऐकायची. एकदा चहा घेऊन बाहेर गेले. त्यांनी वर बघून मला विचारलं, "काटा अडकला आसंल काय गो आतड्यात?"

मी म्हटलं, "असेल."

एवढा एक शब्द. डॉक्टरांनी माशाने होत नाही म्हणून स्वच्छ सांगितलं होतं, पण बाबांनी ते माझ्या तोंडून ऐकायचं ठरवलं असावं, आणि मी हे सांगितलं.

घरामागे सगळा कातळ, पहार लावली तरी ठिणग्या उडतात. मोरीचं पाणी जिथे सुटतं तिथे माडाखाली तेवढी माती मऊ आहे, तिथे तिला पुरलं. बाबांनी तिच्याबरोबर तो दोरीचा तुकडा ठेवला. मग माझ्याकडे येऊन हात पुढे केला. पहिल्यांदा मला कळलं नाही. त्यांना कपाटाची किल्ली हवी होती. पत्र्याचा डबा घेऊन ते पावसातच भाट्याच्या समुद्रावर गेले आणि रिकामा घेऊन आले. त्या दिवसापासून त्यांनी सुकी मासळी खाल्लेली नाही. समुद्रावर साठ वर्षं काढलेला माणूस ताटात सुकट आली की ताट हळूच बाजूला सारतो आणि कुणाकडे बघत नाही.

आणखी एक झालं. ते आता विचारल्याशिवाय घरातल्या कशालाही हात लावत नाहीत. साखरेचा डबा, बिस्किटांचा डबा, स्वतःच्या गोळ्यांचा डबासुद्धा. समोर उभे राहतात आणि विचारतात, "ह्यो उघडू?" मी हो म्हटलं की उघडतात. माझ्या शेजारणी म्हणतात, किती सोपं आहे तुझ्या वडिलांचं, आमच्याकडे म्हातारी माणसं सगळा पसारा करून ठेवतात.

यंदाच्या मे महिन्यात मी पुन्हा आगोट भरायला काढली. निळं पिंप रिकामं होतं, त्यात माझ्या गोधड्या भरत होते. बाबा बाजारातून आले, घामाने निथळत. खिशातून कागदाची पुडी काढली आणि माझ्यापुढे धरली. पुडी उघडण्याआधीच मला वास आला.

"डांबरगोळ्या हायत," ते म्हणाले. "तुझ्या संपल्या असतील म्हणून आणलंय. तू ठेवलेलं काय खराब होत नाय. मलाच कधी जमला नाय."

मी हात पुढे केला नाही. मला वाटलं आता सांगावं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात त्यांनी माझा हात धरून पुडी तळव्यावर ठेवली, आणि बोटं मिटवत म्हणाले, "घे गो बाय."

तीस-पस्तीस वर्षांनी.

मी जुन्या साडीचा तुकडा फाडला, गोळ्या बांधल्या, गाठ दोनदा मारली आणि पुरचुंडी गोधड्यांत घातली. बाबांनी झाकण धरलं, मी कडी लावली.